वळणारी पाठ

साध्या लाकडी खुर्चीवर बसा. पाय जमिनीला टेकलेले, गुडघे एकमेकांना चिकटलेले. आता खांदे पुढे सोडा, पाठीला बाक येऊ द्या. दिवसभर संगणकासमोर काम करून संध्याकाळी आपण जसे बसतो, तसे बसा. दोन्ही हात छातीवर दुमडा आणि कंबर जागची न हलवता उजवीकडे वळा. कुठवर पोचलात ते लक्षात ठेवा. मग उंच बसा, डोक्याचा माथा छताच्या दिशेने जाऊ द्या, छाती मोकळी सोडा आणि पुन्हा वळा. या खेपेला बहुतेकांचे खांदे बरेच पुढे पोचतात. मधल्या अर्ध्या मिनिटात ना स्नायू बळकट झाले, ना वय कमी झालं. पाठीच्या वरच्या भागाचा आकार तेवढा बदलला.

गोल्फमध्ये ४६ ग्रॅमपेक्षाही हलका चेंडू दोनशे-अडीचशे मीटर लांब जातो तो शरीराच्या वळण्यामुळे. तरीही क्लबात चहाच्या टेबलावर चर्चा होते ती पकडीची, मनगटाची आणि नव्या ड्रायव्हरची. मानेच्या तळापासून शेवटच्या बरगडीपर्यंतची पाठ हा हौशी गोल्फरच्या शरीराचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. ती आरशात दिसत नाही आणि सहसा फारशी दुखतही नाही, त्यामुळे तिच्याकडे लक्ष जायला निमित्तच मिळत नाही. तिच्या वाट्याचं दुखणं बहुधा कंबर सोसत असते.

असं का होतं ते समजण्यासाठी मणक्यांची रचना थोडी पाहायला हवी. मानेत ७ मणके, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५. लागून असलेल्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये मागच्या बाजूला लहान सांध्यांची एक जोडी असते आणि त्या सांध्यांचे पृष्ठभाग कोणत्या दिशेला आहेत, यावर त्या जागी कोणती हालचाल होऊ शकेल हे ठरतं. छातीमागच्या मणक्यांमध्ये हे पृष्ठभाग असे बेतलेले आहेत की एक मणका दुसऱ्यावर सहज फिरू शकतो. कमरेत तेच पृष्ठभाग जवळजवळ काटकोनात वळलेले असतात; तिथे पुढे-मागे वाकणं सोपं, पण फिरायला गेलं की हाडावर हाड अडतं. म्हणून निरोगी माणसाची छातीमागची पाठ प्रत्येक बाजूला साधारण ३० ते ३५ अंश वळते आणि कमरेचे पाचही मणके मिळून जेमतेम १० अंशांच्या आसपास. आपण सहज म्हणतो, ‘कंबर वळव.’ कंबर फारशी वळतच नाही. वळतात ते खाली खुबे आणि वर छातीमागची पाठ.

आता बॅकस्विंगचा हिशेब करा. चांगल्या खेळाडूचे खांदे क्लब वर गेल्यावर सुमारे ९० अंश वळलेले असतात आणि कटिभाग सुमारे ४५ अंश. अमेरिकी प्रशिक्षक जिम मॅक्लीन यांनी १९९२ साली या दोहोंमधल्या फरकाला ‘एक्स फॅक्टर’ हे नाव दिलं आणि पुढची कित्येक वर्षं हौशी खेळाडू तो फरक वाढवण्याच्या मागे लागले. खुबे घट्ट रोखून धरायचे, खांदे जमेल तेवढे फिरवायचे आणि मध्ये काय होतं याचा विचार करायचा नाही. मॅक्लीन यांचं निरीक्षण व्यावसायिक खेळाडूंच्या पाठींवर बेतलेलं होतं. ज्याची छातीमागची पाठ १५ अंशांवर थांबते, त्याने तो फरक आणायचा कुठून? एकत्र कुटुंबात एकाने अंग काढून घेतलं की त्याच्या वाटचं काम शेजारच्याच्या अंगावर पडतं. पाठीतही तेच होतं. उरलेलं वळण कमरेच्या मणक्यांकडून वसूल केलं जातं किंवा डाव्या खांद्याच्या सांध्यावर ढकललं जातं. तेही जमलं नाही, तर खेळाडू नुसते हात वर उचलतो आणि डाउनस्विंगमध्ये क्लब बाहेरून आत येऊन चेंडू उजवीकडे भरकटतो. अनेकांचा जन्मभराचा स्लाइस असा पाठीच्या ताठरपणातून आलेला असतो. (या प्रकरणात डावे-उजवे उल्लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहेत, डावखुऱ्यांनी ते उलटे वाचावेत.)

हे सगळं फार वेगाने घडतं. क्लब वरून निघून चेंडूपर्यंत यायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या ड्रायव्हरचं डोकं तेवढ्यात ताशी १८० किलोमीटरच्या आसपास पोचलेलं असतं. प्रयोगशाळेत मोजमाप केलं, तेव्हा स्विंगच्या एका क्षणी कमरेच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत दाब आढळला होता. कंबरदुखी ही गोल्फरांची जगभरची सर्वांत मोठी तक्रार आहे, यात नवल नाही. तो दाब पूर्णपणे टाळता येणार नाही. मात्र दाबाखाली असतानाच कमरेला तिच्या आवाक्याबाहेरचं वळण करायला लावणं टाळता येतं आणि तिथे वरच्या पाठीचा संबंध येतो.

चेंडूपुढे उभं राहण्याची पद्धत, म्हणजे पोश्चर, याच गोष्टीवर उभी आहे. पुढे झुकायचं ते खुब्यातून. बसायला जाताना ढुंगण मागे जातं तसं ते मागे जातं आणि पाठ आपला नैसर्गिक आकार राखून तिरकी होते. ज्यांच्या वरच्या पाठीला बाक आहे ते चेंडूपुढे उभे राहिले की डोक्यापासून माकडहाडापर्यंत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे दिसतात. प्रशिक्षक ओरडतो, ‘पाठ सरळ!’ मग तो खेळाडू छाती बाहेर काढतो, कंबर आत दाबतो आणि ‘सी’चा ‘एस’ होतो. बघणाऱ्याला ही ठेवण बरी वाटते. कमरेसाठी ती आधीपेक्षाही वाईट असू शकते, कारण मणक्यांचे मागचे सांधे आता आधीच एकमेकांवर दाबून बसलेले आहेत आणि त्याच अवस्थेत त्यांना वळायचं आहे. नुसत्या सूचनेने पोश्चर सुधारत नाही. ज्या स्नायूंनी पाठ धरायची त्यांच्यात ती धरण्याची ताकद नसेल, तर तिसऱ्या होलपर्यंत सूचना विसरली जाते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वाकून बसणं हे स्वतःच रोग नाही आणि प्रत्येक बाकदार पाठ दुखतेच असंही नाही. लहान मुलं, वाचक, घड्याळ दुरुस्त करणारे कारागीर, सगळेच वाकून बसतात. अडचण येते ती त्या आकारातून बाहेर येता येईनासं झालं की. वीस वर्षं गाडीच्या चाकामागे आणि लॅपटॉपसमोर काढल्यावर छातीचे स्नायू आखूड होतात, बरगड्या खाली झुकतात, पाठीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच अशक्त होतात आणि पाच किलोंच्या आसपास वजनाचं डोकं खांद्यांच्या पुढे लटकू लागतं. सुधारायचं आहे ते बाहेर पडण्याचं सामर्थ्य: पाठ उघडता येणं, वळवता येणं आणि उघडलेली पाठ स्विंगच्या झपाट्यात टिकवता येणं.

ताकदीचा व्यायाम आणि गोल्फ यांचं नातं बराच काळ संशयाचं होतं. १९४० आणि ५० च्या दशकांत व्यावसायिक खेळाडूंमध्ये पक्का समज होता की वजनं उचलली की स्नायू आखडतात, हाताचा नाजूकपणा जातो आणि पटिंग बिघडतं. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या टोलेडोचा फ्रँक स्ट्रॅनहॅन स्पर्धांच्या प्रवासातही आपली वजनं बरोबर न्यायचा. त्याने १९४८ आणि १९५० अशी दोनदा ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली, तरी त्याच्याकडे विक्षिप्त म्हणूनच पाहिलं गेलं. त्याचा आदर्श समोर ठेवला दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअरने. प्लेअर उंचीने साडेपाच फुटांच्या आसपास. अंगकाठीने मोठ्या अमेरिकी खेळाडूंपुढे त्याला अंतर मिळवायचं होतं आणि त्यासाठी तो व्यायामशाळेत घाम गाळत राहिला. लोक म्हणाले, पस्तिशीत याचं शरीर संपेल. १९६५ साली अमेरिकन ओपन जिंकून वयाच्या २९ व्या वर्षी त्याने चारही प्रमुख स्पर्धांचा संच पूर्ण केला. १९७८ साली, ४२ व्या वर्षी, शेवटच्या दिवशी ६४ फटक्यांची फेरी खेळून त्याने तिसऱ्यांदा मास्टर्स जिंकली. आज कोणत्याही मोठ्या स्पर्धेत फिरती व्यायामशाळा असते आणि तिथे सकाळी रांग लागते. प्लेअरवर हसणाऱ्यांची नावं शोधावी लागतात.

टायगर वुड्सचं उदाहरण याच्या विरोधात दिलं जातं. बळकट शरीर कमावलेल्या या खेळाडूच्या पाठीवर २०१४ पासून एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या. एप्रिल २०१७ मध्ये कमरेतले दोन मणके जोडावे लागले. मग वजनांनीच त्याची पाठ मोडली, असा निष्कर्ष काढायला लोक मोकळे झाले. लहानपणापासून मारलेले अगणित चेंडू, अतिशय वेगवान स्विंग, गुडघ्याच्या दुखापती या सगळ्यांतून व्यायामशाळा तेवढी वेगळी काढून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. जोडलेल्या मणक्यांसह त्याने २०१९ ची मास्टर्स जिंकली, तोही कशाचा पुरावा मानू नये. एका असामान्य शरीराची कहाणी आपल्या शरीराला लावण्यात अर्थ नाही. पन्नाशीच्या बँक अधिकाऱ्याने आठवड्यातून दोनदा डंबेल उचलल्याने त्याची पाठ आखडणार नाही, एवढं मात्र निश्चित.

व्यायामाकडे वळण्याआधी आपली पाठ किती वळते ते मोजा. खुर्चीवर ताठ बसा, गुडघ्यांमध्ये छोटी उशी दाबून धरा, छातीवर आडवी काठी किंवा क्लब ठेवून त्यावर हात दुमडा. समोर जमिनीवर ४५ अंशांवर एक खूण करा. दोन्ही बाजूंना काठी त्या खुणेपर्यंत यायला हवी. एका बाजूला कमी भरलं तर ती बाजू कोणती, ते लिहून ठेवा. नंतर भिंतीला पाठ लावून उभे राहा, टाचा भिंतीपासून चार बोटं पुढे. हनुवटी वर न करता डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का? दोन्ही हात डोक्यावरून भिंतीपर्यंत नेताना कंबर भिंतीपासून सुटते का? सुटत असेल, तर पाठीच्या बाजूचे रुंद स्नायू, ज्यांना व्यायामशाळेत ‘लॅट्स’ म्हणतात, आखडलेले आहेत. हे स्नायू कमरेपासून आणि कटीच्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाला जोडलेले असतात. डाउनस्विंगमध्ये क्लब खाली खेचण्याचं मोठं काम तेच करतात, पण आखडले की हात वर जाऊ देत नाहीत आणि बॅकस्विंग अर्ध्यावर अडवतात.

मोकळेपणापासून सुरुवात करावी. अडलेल्या सांध्यावर ताकद चढवली तर शरीर चुकीच्या मार्गानेच बळकट होतं. फोम रोलर किंवा घट्ट गुंडाळलेली सतरंजी फऱ्यांच्या खाली आडवी ठेवा. फरे म्हणजे पाठीवर दोन्ही खांद्यांमागे असलेली त्रिकोणी हाडं. डोक्याला हातांचा आधार देऊन श्वास सोडत वरची पाठ त्यावरून हळू मागे जाऊ द्या. कंबर उचलायची नाही, हालचाल फक्त छातीमागे. मग कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊन, वरचा हात पुस्तकाचं पान उलटावं तसा मागच्या बाजूला उघडा आणि तिथे दोन-तीन लांब श्वास घ्या. श्वास सोडताना बरगड्या सैल होतात आणि खांदा जमिनीच्या आणखी जवळ जातो. जोर लावून ढकललेल्या खांद्यापेक्षा हा खांदा जास्त पुढे जातो. तिसरा प्रकार हातागुडघ्यांवर: एक हात डोक्यामागे, कोपर आधी दुसऱ्या मनगटाकडे आणि मग आकाशाकडे. कुल्ले टाचांवर ठेवून केला तर कंबर लबाडी करू शकत नाही. एवढं सगळं मिळून सात-आठ मिनिटांचं काम आहे आणि ते रोज केलं तरी चालतं.

ताकदीच्या व्यायामांत मला एकच निवडायला सांगितला, तर मी डंबेल रो निवडेन. तो इतका साधा दिसतो की लोक तो निष्काळजीपणे करतात, म्हणून त्यावर जरा थांबू. बाकावर किंवा पक्क्या स्टुलावर डावा हात टेका. पाय मागे, गुडघे किंचित वाकलेले, झुकायचं खुब्यातून. म्हणजे चेंडूपुढच्या पोश्चरचीच ही अधिक झुकलेली अवस्था. उजव्या हातातलं डंबेल सरळ खाली लटकू द्या आणि त्याच्या वजनाने उजवा फरा पुढे, बरगड्यांवरून सरकू द्या. आता कोपर मागच्या खिशाच्या दिशेने ओढा. ओढण्याची सुरुवात फऱ्यापासून व्हावी: तो मणक्याकडे सरकतो आणि हात त्याच्या मागून येतो. वर गेल्यावर क्षणभर थांबा, मग तीन आकडे मोजत खाली आणा. बहुतेकांच्या चुका तीन असतात. खांदा कानाकडे उचलला जातो. तसं झालं तर मानेजवळचे स्नायू काम हिरावून घेतात आणि तेच आधीपासून थकलेले असतात. वजन झेपत नाही म्हणून सगळं धड फिरवून ते वर झटकलं जातं. आणि तिसरी चूक चांगल्या हेतूने होते: ‘फरे मागे खेचून ठेवा’ हा सल्ला ऐकून माणूस खाली येतानाही फरा घट्ट धरून ठेवतो. गोल्फमध्ये डावा फरा बॅकस्विंगमध्ये पुढे सरकतो आणि फॉलो-थ्रूमध्ये मागे येतो, उजव्याचं उलट. त्याने बरगड्यांवर मोकळेपणी सरकावं आणि सरकताना ताब्यात राहावं, हेच आपल्याला शिकवायचं आहे. ८ ते १२ वेळा, दोन किंवा तीन फेऱ्या, दोन्ही बाजूंनी. शेवटचे दोन कष्टाने व्हावेत पण ढब बिघडू नये, इतकं वजन. बारा सहज होऊ लागले की वजन वाढवा. वर्षानुवर्षं तेच गुलाबी डंबेल उचलणाऱ्याला स्नायू नव्याने काही देणं लागत नाहीत.

रो पाठीचे मोठे स्नायू घडवतो. फऱ्यांच्या आतल्या आणि खालच्या कडेचे लहान स्नायू वेगळं काम मागतात. त्यासाठी रबरी बँड दाराच्या कडीला चेहऱ्याच्या उंचीवर बांधा आणि दोन्ही हातांनी तो कानांच्या दिशेने ओढा, कोपरं खांद्यांच्या उंचीवर, अंगठे मागे. याला फेस पुल म्हणतात. बॅकस्विंगच्या टोकाला उजवा खांदा ज्या स्थितीत बाहेरच्या बाजूला फिरलेला असतो, तीच स्थिती इथे भाराखाली मिळते. पोटावर झोपून हात वाय, टी आणि डब्ल्यू या अक्षरांच्या आकारात उचलण्याचा व्यायामही याच कुळातला. त्यात वजनाची गरज क्वचितच लागते. रिकाम्या हातांनी दहा वेळा नीट केलं तरी फऱ्यांच्या मध्ये जळजळ जाणवते. शलभासन करणाऱ्यांना ही जागा ओळखीची वाटेल.

फऱ्याला पुढून धरणारा एक स्नायू मात्र जवळजवळ सगळे विसरतात. सेराटस अँटीरिअर नावाचा हा स्नायू बरगड्यांपासून निघून फऱ्याच्या आतल्या कडेला पोचतो. खूप सराव करणाऱ्या, विशेषतः नवशिक्या गोल्फरांच्या डाव्या बाजूच्या बरगड्यांना मागच्या अंगाला बारीक तडे गेल्याचं आढळतं; दुखणं फऱ्याजवळ असल्यामुळे ते स्नायूंचं समजून आठवडेच्या आठवडे दुर्लक्षित राहतं. डॉक्टरांच्या मते हा स्नायू थकला की बरगड्यांवरचा ताण वाढतो आणि हाड हळूहळू हार मानतं. उपाय साधा आहे. जोराच्या किंवा पुशअपच्या वरच्या स्थितीत, कोपरं सरळ ठेवून, जमीन आणखी थोडी दूर ढकला, म्हणजे वरची पाठ किंचित वर उचलली जाईल. मग फरे हलकेच एकमेकांकडे येऊ द्या आणि पुन्हा ढकला. गुडघे टेकून किंवा भिंतीवर हात ठेवून केलं तरी चालतं.

आपल्याकडे ज्यांचं बालपण तालमीजवळ गेलं त्यांना जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार शिकवावे लागत नाहीत. सूर्यनमस्कारातलं भुजंगासन वरची पाठ उघडतं, बैठका पायांना बळ देतात. जोरामध्ये सेराटस कामाला लागतो. पण या तिन्हींत ओढण्याचं काम जवळपास नाही. जोरांनी छाती आणि खांद्यांचा पुढचा भाग भरतो, पाठीच्या वाट्याला त्या मानाने कमी येतं. म्हणून रोज जोर मारणाऱ्याने ढकलण्याच्या प्रत्येक फेरीमागे ओढण्याच्या दोन फेऱ्या कराव्यात, असा ढोबळ नियम मी सुचवेन. मल्लखांबावर किंवा झाडाच्या फांदीला लोंबकळणाऱ्यांना हे आपोआप मिळत होतं. खांदा दुखत नसेल तर आडव्या दांड्याला वीस ते तीस सेकंद लोंबकळा. आखडलेले लॅट्स लांब होतात, पकड घट्ट होते आणि बरगड्या उघडतात.

मुद्गल मात्र गोल्फरसाठी खास आहे. खांद्यामागून फिरणारं लांब दांड्याचं वजन, त्यामागोमाग उघडणारी छाती, मनगटाचा ताबा आणि स्थिर पाय. स्विंगला लागणाऱ्या इतक्या गोष्टी एकाच साधनात क्वचित मिळतात. एकोणिसाव्या शतकात हेच मुद्गल ‘इंडियन क्लब’ या नावाने इंग्लंडला गेले. डोनाल्ड वॉकर यांच्या १८३४ सालच्या व्यायामाच्या पुस्तकात त्यांचा समावेश आहे. तालमीतले जड मुद्गल घेऊन सुरुवात करू नये. किलो-दीड किलोचा पुरे. आधी एका हाताने, सावकाश, दोन्ही दिशांना.

वरची पाठ कितीही घडवली तरी ती खुब्यांवर तोललेली असते. लांब काठी पाठीवर उभी धरा: एक हात मानेमागे, एक कमरेमागे. काठी डोक्याला, फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकलेली राहू देत खुब्यातून झुका. तीनपैकी एक जागा सुटली की थांबा. तुमची आजची मर्यादा तिथे आहे. हे वीस-पंचवीस वेळा बिनचूक होऊ लागलं की काठी सोडून हातात केटलबेल किंवा डंबेल घ्या आणि तेच करा. या डेडलिफ्टमध्ये मांड्यांचे मागचे स्नायू आणि कुल्ले बळकट होतातच, पण वजन खाली लटकत असताना वरची पाठ न झुकू देणं हे पाठीच्या स्नायूंचंही खडतर काम आहे. अठराव्या होलवर पोश्चर टिकवण्याची क्षमता इथे तयार होते. एका हातात वजन घेऊन वीस-तीस मीटर ताठ चालणं हा त्याचा जोडीदार. वजन नसेल तर पाण्याने भरलेली बादली घ्या. धड वजनाच्या बाजूला झुकू द्यायचं नाही, मग हात बदलायचा. आपल्याकडचे कॅडी रोज दहा-पंधरा किलोंची बॅग खांद्यावर घेऊन मैलोन्मैल चालतात, पण अनेकदा एकाच खांद्यावर. ते बाजू बदलतील अशी सोय बघणं, दोन पट्ट्यांची बॅग वापरणं आणि ती हलकी ठेवणं, हे बॅगेच्या मालकाचं कर्तव्य आहे.

वेगाचा व्यायाम सर्वांत शेवटी. दोन-तीन किलोंचा मेडिसिन बॉल घेऊन भिंतीला बाजू करून उभे राहा, मागे वळा आणि खुब्यांपासून सुरुवात करून तो भिंतीवर आदळा. पाच-सहा फेका, विश्रांती, मग दुसरी बाजू. डावीकडूनही तेवढेच, गोल्फ आयुष्यभर एकाच दिशेने खेळला जातो, त्यामुळे दुसरी दिशा व्यायामातच मिळू शकते. वरच्या सगळ्या व्यायामांचे सहा-आठ आठवडे होईपर्यंत या फेका सुरू करू नयेत.

आठवड्यातून दोन दिवस पुरतात, तीन असतील तर उत्तम. मध्ये निदान एक दिवस रिकामा सोडावा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जासंस्थेची कमाई असते, मेंदू आहे त्याच स्नायूंना चांगलं कामाला लावू लागतो. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त काळ जातो. महिनाभराने फरक दिसत नाही म्हणून सोडून देणारे नेमके चुकीच्या वेळी सोडतात. मुंबई-पुण्याच्या गोल्फरांना यासाठी निसर्गानेच हंगाम दिला आहे: जूनपासून चेंबूर काय नि येरवडा काय, फेअरवे चिंब होतात आणि खेळ रोडावतो. ते चार महिने पाठीला द्यावेत, म्हणजे ऑक्टोबरमध्ये मैदान सुकलं की पाठ तयार असते. हंगामात वजनं थोडी कमी करावीत आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी जड काही उचलू नये.

साठीनंतर हे व्यायाम बंद करण्यापेक्षा सुरू करण्याची गरज अधिक असते, कारण पाठीचा बाक वयाबरोबर वाढत जातो आणि ओढण्याचे व्यायाम त्याला आवर घालतात. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर मात्र वजन घेऊन पाठ गोल करत पुढे वाकणं आणि झटक्याने वळणं टाळावं आणि डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनी ही काळजी विशेष घ्यावी. हातात किंवा पायात मुंग्या, बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही झालं तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठावा. श्रम करताना छातीत, डाव्या खांद्यात किंवा फऱ्यांमध्ये दाटल्यासारखं वाटलं, तर तो स्नायूंचा थकवा आहे असं स्वतःच ठरवू नये.

फेरीच्या सकाळी ताकदीचं काही करायचं नसतं. गाडीतून उतरून थेट पहिल्या टीवर जाणाऱ्याची पाठ अजून गाडीच्या सीटच्याच आकारात असते. दहा मिनिटं आधी पोचा. झपाझप चाला, क्लब खांद्यांमागे आडवा धरून चेंडूपुढच्या ठेवणीत दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा वळा, हात डोक्यावर ताणून बरगड्या उघडा. एवढं करूनही खांदे अडत असतील तर बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलू द्या. अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्स १९२० च्या दशकात तसाच खेळत असे; खुबे थोडे अधिक वळतात आणि कमरेवरचा भार हलका होतो. मग वेजने अर्ध्या वेगाचे सात-आठ स्विंग, मधल्या आयर्नने चार आणि त्यानंतर ड्रायव्हर.